पोलीस भरती : जाहिरातीची वाट बघू नका, आजपासून रोज पळा

पोलीस भरतीची जाहिरात आली की गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे गर्दी दिसायला लागते. पहिल्या आठवड्यात वीस-पंचवीस पोरं पळतात. कुणी नवे बूट घेतो, कुणी स्टेटसला फोटो टाकतो. दुसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते, पोटऱ्या धरतात. महिन्याभरात रस्त्यावर चार-पाच जणच उरतात. बाकीचे पारावर बसून म्हणतात, "त्याच्या अंगातच आहे ते. आपलं काम नाही."

हे बोलणं ऐकायला साधं वाटतं, पण त्यानं पोरांचं मोठं नुकसान होतं. जो टिकला तो गेलं वर्षभर रोज पळत होता, हे कुणी बघितलेलं नसतं. आणि जो सोडून बसला त्याच्या अंगात दम नव्हता असंही नसतं. त्यानं सहा-आठ महिन्यांचं काम तीस दिवसांत उरकायला घेतलेलं असतं.

भरतीला वयाची अट आहे. खुल्या प्रवर्गाला २८ वर्षं, मागास प्रवर्गांना ३३ वर्षं. भरती काही दरवर्षी ठरल्या तारखेला निघत नाही. त्यामुळं हातात मोजक्याच संधी असतात. त्यातली एक जरी "आपल्यात ते नाही" म्हणून वाया गेली तर ती परत येत नाही. म्हणून अंगचा गुण किती आणि सराव किती, हे नीट समजून घेणं गरजेचं आहे.

मैदानात मागतात काय?

अलीकडच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची राहिली आहे. मैदानीत मुलांना १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५ गुण) आणि गोळाफेक (१५ गुण). मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी तसंच. मैदानीत निम्मे, म्हणजे २५ गुण पडले तरच पुढचा विचार होतो. त्यातही जागांच्या प्रमाणात वरच्याच उमेदवारांना लेखीला बोलावतात. म्हणून काठावर पास होऊन भागत नाही.

१६०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हे चार फेरे होतात. म्हणजे एक फेरा साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, आणि तसे चार लागोपाठ. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, म्हणजे ८५ सेकंदांचे दोन फेरे.

एक फेरा ७७ सेकंदांत गावातला कुठलाही धडधाकट पोरगा मारतो. दुसराही ओढतो. अडचण तिसऱ्या फेऱ्यात येते. छाती भरते, पाय जड होतात आणि वेळ नव्वद सेकंदांवर जातो. हा तिसरा फेरा जोशावर निघत नाही, तो महिनोन् महिने पळून तयार करावा लागतो. नियम भरतीगणिक बदलू शकतात, म्हणून जाहिरात आली की ती स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. पण तयारीला जाहिरात लागत नाही.

अंगात काय बदलतं, आणि किती दिवसांनी?

रोज पळणाऱ्याच्या शरीरात चार गोष्टी बदलतात आणि चारींचा वेग वेगळा असतो. सगळी गडबड इथंच होते.

पहिलं, हृदय. नियमित पळालं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. म्हणून सराव असलेल्याची नाडी बसल्या जागी सावकाश चालते.

दुसरं, स्नायू. पायाच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि ऑक्सिजन वापरून ताकद तयार करायची पेशींची क्षमता वाढते. पहिला फरक काही आठवड्यांत जाणवतो, पण हे काम पुढं कित्येक महिने चालू राहतं.

तिसरं, मेंदू आणि नसा. पाऊल कसं टाकायचं, हात किती हलवायचे, गोळा कुठल्या क्षणी सोडायचा, हे पुन्हा पुन्हा केल्यावर विचार न करता व्हायला लागतं. तेवढ्याच वेगाला कमी ताकद लागते.

चौथं, हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधून ठेवणारे पट्टे. हे सगळ्यात सावकाश मजबूत होतात, त्यांना महिने लागतात.

आता गंमत बघा. महिनाभर जोर लावल्यावर दम वाढतो, पोरगा खूश होतो आणि अंतर दुप्पट करतो. पण नडगीचं हाड अजून तयार झालेलं नसतं. मग नडगी ठणकायला लागते. तशातच पळत राहिलं तर हाडाला बारीक चीर पडू शकते, आणि मग सहा-आठ आठवडे घरी. तोवर मैदानीची तारीख येऊन गेलेली असते. ह्यात अंगच्या गुणाचा काही संबंध नाही. चूक घाईची आहे.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. उसाला महिनाभराचं पाणी एका दिवशी पाटानं सोडून चालत नाही. निम्मं वाहून जातं, उरलेल्यानं मुळ्या कुजतात. तेच पाणी ठिबकनं रोज थोडं दिलं तर मुळाशी मुरतं. शरीराचंही तसंच आहे. त्याला एका वेळी जेवढं पचतं तेवढंच ते घेतं.

आणि वाढ होते ती पळताना नव्हे, पळून झाल्यावर. झोपेत आणि विश्रांतीत शरीर दुरुस्ती करतं. रात्री एकपर्यंत मोबाईल बघून पहाटे पाचला उठणारा पळण्याचे कष्ट तर घेतो, पण त्याची निम्मी मजुरी बुडते.

मांडव्याच्या पोराची वीस सेकंदं

अंगचा गुण आणि सराव ह्यांचा हिशोब बघायचा तर लांब जायला नको. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. तिथला अविनाश साबळे आज देशाचा ३००० मीटर स्टीपलचेसचा मोठा धावपटू आहे. ह्या शर्यतीत पळता पळता २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे पार करायचे असतात.

अविनाश शेतकरी घरातला. शाळा सहा किलोमीटर लांब आणि गाडीची सोय नाही, म्हणून तो लहानपणापासून चालत-पळत शाळेला जायचा. त्याला तेव्हा कुणी सराव म्हणत नव्हतं. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, ५ महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला, सिक्कीमला राहिला. स्पर्धेत पळायला त्यानं सुरुवात केली ती २०१५ मध्ये सैन्यातल्या क्रॉसकंट्रीपासून. तेव्हा तो विशीत होता. मध्यंतरी वजन वाढलं, ते उतरवलं. प्रशिक्षक अमरीश कुमार ह्यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेसकडे वळला.

पुढचे आकडे सावकाश वाचा. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी ह्यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ८ मिनिटं १८.१२. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० आणि रौप्यपदक. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या भागानं. १९९४ नंतर ह्या शर्यतीत राष्ट्रकुलचं पदक केनियाबाहेर गेलं ते त्याच दिवशी. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ०९.९१.

म्हणजे २०१८ ते २०२४ ह्या सहा वर्षांत वेळ कमी झाली ती वीस सेकंदांनी. वर्षाला साधारण सव्वातीन सेकंद. सैन्यातला शिस्तीचा सराव, चांगलं खाणं, प्रशिक्षक, उंचावरची शिबिरं हे सगळं असताना वर्षाला सव्वातीन सेकंद! आणि आपण एका महिन्यात १६०० मीटरमधून एक मिनिट कमी करायला निघतो.

ह्यातून अजून एक गोष्ट कळते. विशीपर्यंत ह्या पोराच्या अंगात काय आहे ते कुणालाच दिसलं नव्हतं. पळायला लागल्यावर दिसलं. अंगातला गुण असेल किंवा नसेल, तो आहे का हे तपासायलासुद्धा आधी सराव करावा लागतो. पारावर बसून ते कळत नाही.

जुनं उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं. लाल मातीत तयार झालेला हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला. तिथं कुस्ती मॅटवर होती आणि नियम परके होते. तरी ते सहावे आले. घरी येऊन "परदेशी लोकांच्या अंगातच ते आहे" म्हणून बसले नाहीत. चार वर्षं मेहनत करून १९५२ ला हेलसिंकीला परत गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पैलवान तोच होता, फरक मधल्या चार वर्षांचा.

मग अंगचा गुण काहीच नाही का?

तसं म्हणणं खोटं होईल. उंची सरावानं वाढत नाही. १०० मीटरच्या वेगाचा मोठा भाग जन्मतः मिळालेल्या स्नायूंवर असतो. अमेरिका आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी काही कुटुंबांतल्या लोकांकडून २० आठवडे एकसारखा व्यायाम करून घेतला होता. दम सरासरीनं चांगला वाढला, पण काहींचा भरपूर वाढला आणि काहींचा जेमतेम. असा फरक राहतोच.

"दहा हजार तास सराव केला की कुणीही उस्ताद होतो" हे मोबाईलवर फिरणारं वाक्यही अर्धवट आहे. ते बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरच्या १९९३ च्या अभ्यासातून निघालं. त्यात सगळ्यात चांगल्या विद्यार्थ्यांचा विशीपर्यंतचा एकट्यानं केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास भरला होता. दहा हजार तास भरले की यश नक्की, असं त्यात नव्हतं. पुढं २०१४ मध्ये अशा पुष्कळ अभ्यासांची एकत्र बेरीज झाली, तेव्हा खेळातल्या माणसामाणसांमधल्या फरकापैकी सुमारे १८ टक्केच फरक सरावाच्या तासांनी समजावता आला. बाकीचा वाटा इतर गोष्टींचा : शरीर, सुरुवातीचं वय, शिकवणारा, दुखापत, घरची परिस्थिती.

मग सरावाला मोठं का म्हणायचं? दोन कारणं. एक, बाकीच्या गोष्टींपैकी बऱ्याच आपल्या हातात नाहीत. उद्या पहाटे उठायचं की नाही, हे आहे. दोन, भरती म्हणजे ऑलिंपिक नव्हे. तिथं जगातला पहिला यायचं नसून ठरलेली वेळ आणि ठरलेलं अंतर गाठायचं आहे. जगातल्या पहिल्या दहांत कोण येणार, हे ठरताना अंगचा गुण बोलतो. सात मिनिटांवरून सहा मिनिटांवर येण्यात मात्र नियमित सराव बोलतो.

आणि सरावानं नोकरीची खात्री मिळते, असंही नाही. जागा मोजक्या असतात, पळणारे हजारो. पण सरावाशिवाय त्या रांगेत उभंच राहता येत नाही.

"शेतात राबतो, तोच सराव नाही का?"

हा प्रश्न बरेच जण विचारतात. शेतातल्या कामानं हात, पाठ, कंबर मजबूत होते, चिवटपणा येतो. पण शरीराला ज्या कामाची सवय लावावी त्याच कामात ते तरबेज होतं. दिवसभर ऊस तोडणाऱ्याला पळायचा दम आपोआप येत नाही.

गोळ्याचंही तसंच. मुलांचा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा, मुलींचा ४ किलोचा. पन्नास किलोचं पोतं खांद्यावर टाकणारा पोरगा गोळा पाच मीटरवर टाकतो आणि त्याच्यापेक्षा बारीक पोरगा सात मीटर ओलांडतो, तेव्हा बघणारे बुचकळ्यात पडतात. गोळा हातानं भिरकवायचा नसतो, ढकलायचा असतो. मानेला टेकवून धरायचा आणि जोर पायापासून सुरू करून कंबर, छाती, खांदा असा शेवटी हातापर्यंत आणायचा. ही साखळी एका दिवसात बसत नाही. रोजच्या पंधरा-वीस फेकी, त्याही जाणकाराला दाखवून, ह्यानं बसते. चुकीची फेक रोज शंभर वेळा केली तर चूकच पक्की होते.

शेतात काम जास्त असेल त्या दिवशी पळणं हलकं ठेवावं. दोन्हीकडं जोर लावला तर शरीर एक दिवस बसतं.

रोज म्हणजे नेमकं काय?

रोज म्हणजे रोज जीव तोडून पळणं नव्हे. नव्यानं सुरुवात करणाऱ्या निरोगी मुला-मुलींसाठी आठवडा साधारण असा लावता येतो :

- सोमवार : २० ते ३० मिनिटं सावकाश पळणं. शेजारच्याशी बोलता येईल एवढाच वेग.
- मंगळवार : गोळ्याचा सराव, जोर-बैठका, पोटाचे व्यायाम.
- बुधवार : सावकाश पळणं, शेवटी १०० मीटरच्या तीन-चार मोकळ्या धावा.
- गुरुवार : चालणं आणि अंग मोकळं करायचे व्यायाम.
- शुक्रवार : ४०० मीटर जरा वेगात, चार वेळा. प्रत्येक वेळी मध्ये दोन-तीन मिनिटं चालणं. पहिले तीन-चार आठवडे हा दिवसही सावकाशच ठेवावा.
- शनिवार : गोळा आणि बैठका.
- रविवार : आठवड्यातलं सगळ्यात लांब, पण सावकाश पळणं. पुढचा दिवस जड वाटला तर सुट्टी.

अंतर दर आठवड्याला थोडं थोडंच वाढवावं, आधीच्या आठवड्याच्या साधारण एक दशांश. डांबरापेक्षा मातीचा रस्ता किंवा शाळेचं मैदान बरं. १६०० मीटर पूर्ण जोरात पळून वेळ बघायची ती दोन-तीन आठवड्यांतून एकदाच.

एक वही करा. तारीख, किती पळालो, किती वेळ, कुठं दुखलं. तीन महिन्यांनी ती वहीच सांगते की आपण पुढं सरकतोय की नाही. हाडावर एकाच ठिकाणी बोट लावल्यावर दुखत असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरला दाखवा. आणि ताकदीच्या नावाखाली कुणी इंजेक्शन किंवा गोळी देत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात जीव आणि नोकरी दोन्ही जाऊ शकतं.

मुलींची अडचण वेगळी

गावात मुलगी मागं पडते ती बऱ्याचदा दमापायी नाही, वेळेपायी. पहाटे अंधारात एकटीनं रस्त्यावर जायला घरचे सोडत नाहीत. सकाळी पाणी, स्वयंपाक, धारा. संध्याकाळी परत तेच. मग सराव होणार कधी?

ह्यावर उपाय घरानं आणि गावानं करायचा आहे. तीन-चार मुलींनी मिळून पळावं, शाळेचं मैदान संध्याकाळी तासभर खुलं ठेवावं, भावानं त्या वेळात एखादं काम उचलावं. मुलगी रोज पाऊण तास मैदानावर गेली आणि तरी जमलं नाही, तर वेगळी गोष्ट. पण तिला जाऊच दिलं नाही आणि मग "पोरींच्यानं होत नाही" म्हटलं, तर तो तिच्यावर अन्याय आहे.

लेखीलाही हाच नियम

मैदानी निघाली आणि लेखीत अडकला, असेही पुष्कळ आहेत. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. इथं पोरं म्हणतात, "गणित माझ्या डोक्यातच शिरत नाही."

हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकानं १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं की, पाठ केलेलं पहिल्या दिवसभरातच झपाट्यानं विसरतं, आणि तेच थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा केलं तर विसरणं कमी होतं. म्हणून रविवारी सात तास बसण्यापेक्षा रोज एक तास बसणं फायद्याचं. रोज दहा गणितं सोडवा. काल चुकलेली आज परत सोडवा. पुस्तक नुसतं वाचत बसण्यापेक्षा ते मिटून आठवून बघा. जिथं अडतं तिथंच खरा अभ्यास आहे.

खंड पडला तर?

पडणारच. सोयाबीनची काढणी येते, घरात लग्न निघतं, ताप येतो. दोन-चार दिवस गेले तर काही बिघडत नाही. दोन-तीन आठवडे पूर्ण बंद राहिलं तर दम उतरतो, पण शून्यावर जात नाही. परत सुरू करताना थोडं मागून सुरू करावं. खरा धोका पडलेल्या खंडाचा नसतो. "आता मोडलंच आहे तर राहू दे" हे मनात येतं, त्याचा असतो.

थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण शाळेत शिकलो. तळं भरताना रोज काही दिसत नाही. पहिले दोन महिने वहीतले आकडेही फारसे हलत नाहीत, आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच सोडतात. पुढची जाहिरात कधी निघेल ते कुणाच्या हातात नाही. ती निघेल त्या दिवशी आपली वही किती पानं भरलेली असेल, ते मात्र आहे.